सासूबाईंची १९६८ सालची चामडी पर्स पार चेपली आहे. घरच्या घरी तिचा आकार परत आणता येईल का?

गोदाकाठची | ११ जानेवारी, रात्री ९.१०

नमस्कार. संक्रांतीच्या आधी माळा आवरताना लोखंडी पेटीच्या तळाशी सासूबाईंची जुनी पर्स सापडली. त्या नाशिकरोडच्या, पोस्टाची तिकिटे छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये नोकरीला होत्या आणि १९६८ साली मुंबईला गेल्या असताना त्यांनी ती स्वतःच्या पगारातून घेतली होती, हे त्यांना आजही किमतीसकट आठवते. पर्स चहाच्या रंगाची असून साधारण २८ सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर उंच आणि तळाशी ९ सेंटिमीटर जाड आहे. तोंडाला पितळी चौकट आणि वर दोन गोळ्यांची टिचकी आहे. निदान वीस वर्षे तिच्यावर पितळेची परात आणि दोन पातेली होती, त्यामुळे पुढची बाजू आत गेली आहे, तळ मधोमध मोडून होडीसारखा झाला आहे आणि उजव्या कोपऱ्याला एक खोल घडी पडली आहे.

इंटरनेटवर हेअर ड्रायरने गरम करून आत वर्तमानपत्र कोंबायचा उपाय सर्रास दिसतो. प्रयोग करण्यापूर्वी इथल्या जाणकारांना विचारलेले बरे, म्हणून हा धागा काढला आहे.

शंकेखोर | ११ जानेवारी, रात्री ९.३५

ताई, सर्वात आधी ते चामडेच आहे ना, याची खात्री करून घ्या. त्या काळात रेक्झिनच्या उत्तम पर्स मिळत असत आणि नातेवाइकांच्या आठवणीत त्या सगळ्या कालांतराने चामड्याच्या होतात. अस्तर जिथे उसवले असेल तिथून कापलेली कड बघा. कडेला विणलेले कापड दिसले तर रेक्झिन, आणि नमद्यासारखे गुंतलेले तंतू दिसले तर चामडे.

गोदाकाठची | ११ जानेवारी, रात्री १०.०५

चष्मा लावून पाहिले. कापड नाही, तंतूच आहेत आणि कड आतपर्यंत तपकिरी आहे. अस्तराची शिवण एका बाजूला चार बोटे सुटलेली आहे, तिथून हे दिसले.

कॉलेजरोडकर | १२ जानेवारी, सकाळी ८.२०

मी माझ्या पत्नीच्या पर्सला हेअर ड्रायरनेच सरळ केले आहे. दहा मिनिटांचे काम झाले आणि आजपर्यंत काही बिघडलेले नाही. इथे उगाच भीती घालणारे प्रतिसाद येतील, त्याआधी प्रत्यक्ष अनुभव नोंदवून ठेवतो.

बांधणीकार | १२ जानेवारी, दुपारी १.४५

कॉलेजरोडकर, आपला अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही, परंतु आपल्या पत्नीची पर्स आणि ही पर्स या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मी जुन्या पुस्तकांच्या चामडी बांधण्या दुरुस्त करतो, पर्स नव्हे. चामडे मात्र तेच असते आणि त्याच्या खोडीही त्याच असतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कातडे कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली वनस्पतींची: बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्यातल्या तुरट द्रव्यात कातडे मुरवायचे; कोल्हापुरी चपलेचे चामडे याच रीतीचे. दुसरी क्रोमची, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांची. तिच्यासाठी ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत १८८४ साली पेटंट घेतले आणि पुढे जगातले बहुतेक मऊ चामडे तसेच तयार होऊ लागले. क्रोमच्या चामड्याची कड आतून निळसर राखाडी दिसते, वनस्पतीच्या चामड्याची तपकिरी. ताईंनी कड आतपर्यंत तपकिरी असल्याचे सांगितले आहे, त्यामुळे ही पर्स पहिल्या रीतीची असण्याची शक्यता जास्त आहे. (क्रोमचे चामडेही आरपार रंगवतात, तेव्हा ही खूण छातीठोक समजू नये.)

हा भेद इथे महत्त्वाचा का, तर उष्णतेमुळे. चांगल्या स्थितीतले वनस्पतिजन्य चामडे ओले असताना साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसू लागते. क्रोमचे १०० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही वर तग धरते. पन्नास-साठ वर्षांच्या जीर्ण चामड्याची ही मर्यादा आणखी बरीच खाली आलेली असते आणि ती किती खाली आली आहे, हे बाहेरून पाहून कळत नाही. हेअर ड्रायर जवळ धरला की हवा या टापूत सहज पोहोचते. एकदा आकसलेले चामडे परत सैल होत नाही, कारण त्यातल्या तंतूंची मूळ वीणच विस्कटलेली असते. शेवटी कातडे उकळूनच सरस बनवतात, हे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

आता उपायाकडे वळतो. कडक झालेल्या चामड्याला वळवायचे असेल तर उष्णता नव्हे, ओलावा लागतो, आणि तोही पाण्याचा नव्हे, दमट हवेचा. नेहमीच्या हवेत चामडे स्वतःच्या वजनाच्या साधारण १२ ते १५ टक्के पाणी धरून असते. आपल्याकडच्या कोरड्या हिवाळ्यात ते प्रमाण घटते आणि तंतू एकमेकांवरून सरकेनासे होतात. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्यावा, तळाशी साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला टॉवेल ठेवावा, त्यावर कुकरची जाळी किंवा उंच स्टँड ठेवून पर्स तोंड उघडे ठेवून आत बसवावी, आणि झाकण लावावे. आत पाच-सातशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवता आला तर उत्तम. काटा ७५ ते ८० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. दर दोन तासांनी हात लावून पाहावे. चामडे गार आणि नरम लागू लागले की काम झाले. सहा ते आठ तास बहुधा पुरतात, आणि एका दिवसापेक्षा जास्त मात्र कधीही ठेवू नये, कारण बुरशीलाही तीच हवा आवडते.

एक अट आहे आणि तिच्यात सूट नाही. आधी कोरडे बोट चामड्यावर घासून पाहा. बोटाला विटकरी रंगाची भुकटी लागली तर तो चामड्याचा ‘लाल कुज’ नावाचा रोग आहे. अशा चामड्याला पाणी लागले की ते काळे पडून कडक होते. तसे असेल तर वर लिहिलेले काहीही करू नका. आधी क्लूसेल जी नावाचे द्रव्य अल्कोहोलमध्ये विरघळवून त्याचा हलका हात देऊन ती भुकटी बांधून घ्यावी लागते आणि ते काम सरावाच्या माणसाचे आहे.

वर्तमानपत्र कोंबू नका. त्याची शाई उतरते आणि कागद स्वतःच आम्लयुक्त असतो.

निफाडचा गारठा | १२ जानेवारी, दुपारी ३.१०

बांधणीकारांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. डब्याऐवजी द्राक्षाचा क्रेट चालेल का, असे विचारणार होतो, पण त्याला चारही बाजूंनी भोके असतात हे टंकताना लक्षात आले. आमच्या घरी चामड्याच्या प्रत्येक वस्तूला खोबरेल तेल चोळत असत. इथे ते आधी लावून मऊ केले तर?

बांधणीकार | १२ जानेवारी, दुपारी ४.००

नको. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते, आणि निफाडच्या जानेवारीत ते बाटलीतून निघत नाही हे आपल्याला मी सांगायला नको. चामड्यात शिरलेले तेलही तसेच गोठते आणि पृष्ठभागावर पांढुरकी साय येते. लोक तिला बुरशी समजून पुसत राहतात. शिवाय ते चामडे काळपट करते आणि कालांतराने खवट होते. आकाराचा प्रश्न तेलाने सुटतही नाही. तेलाने मऊ झालेली पर्स उभी राहण्याऐवजी आणखी बसकण मारते.

रापी | १२ जानेवारी, रात्री १०.५०

उशिरा लिहितो आहे, दुकान बंद करून घरी आलो. वडिलांपासून आमचे चपला, पट्टे आणि पर्स दुरुस्तीचे काम आहे. बांधणीकार सरांनी चामड्याबद्दल लिहिले त्यात एक शब्दही कमीजास्त करण्यासारखा नाही. पण माझ्या मते रोग वेगळ्या जागी आहे आणि अजून कोणी तिकडे पाहिलेले नाही.

पर्सचा आकार चामडे धरत नाही, आतला पुठ्ठा धरतो. चामडे वरचे वस्त्र आहे. चामडे आणि अस्तर यांच्यामध्ये तळाला एक जाड पुठ्ठा असतो, पुढच्या-मागच्या बाजूला पातळ पुठ्ठा किंवा कडक कापड असते, आणि हे सगळे त्या काळच्या कामात खळीने किंवा सरसाने चिकटवलेले असते. ताई लिहितात की तळ मोडून होडीसारखा झाला आहे. चामडे असे मोडत नाही, ते वाकते. मोडतो तो पुठ्ठा. आता तुम्ही चामडे कितीही प्रेमाने नरम करून सरळ केले, तरी आत मोडका पुठ्ठा तसाच राहिला तर आठ दिवसांत पर्स पुन्हा होडी होणार. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ पर्सचे हेच असते, आणि गिऱ्हाईक मात्र चामड्याला लावायचे मलम मागत असते.

दुसरी गोष्ट अशी की खळ आणि सरस दोन्ही ओलाव्याने सुटतात. दमट डब्यात ठेवल्यावर पुठ्ठा फुगेल आणि अस्तर सुटेल. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आधी मोडका पुठ्ठा बाहेर, मग ओलावा, मग भरणी, मग सावलीत वाळवणे, आणि शेवटी नवा पुठ्ठा आत.

अस्तराची शिवण चार बोटे सुटलेलीच आहे, हे नशीब समजा. तिथूनच आणखी थोडी, म्हणजे एकूण दहा-बारा सेंटिमीटर, टाके एकेक कापून उसवा, ओढू नका. बोटाने चाचपून पुठ्ठा सुटा करा आणि तुकड्यांनी बाहेर काढा. परत शिवताना जुन्याच भोकांतून मेण लावलेला दोरा दोन सुयांनी ओवा. आरीने नवी भोके अजिबात पाडू नका. सासूबाई प्रेसमध्ये होत्या म्हणून त्यांना लगेच पटेल: पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला भोके कशासाठी पाडतात? फाडायला सोपे जावे म्हणून. जुन्या चामड्यात भोकांची दुसरी रांग पाडली की तेच होते.

आणि जुना फोटो शोधा. आपण पर्स ‘सरळ’ करतो ती आपल्या मनातल्या आकाराला. ती मुळात कशी होती हे कोणीच बघत नाही.

कॉलेजरोडकर | १३ जानेवारी, सकाळी ७.५५

मान्य. माझ्या पत्नीची पर्स चार वर्षांची होती आणि तिच्यात पुठ्ठा नव्हताच. अनुभव खरा असला तरी इथे गैरलागू आहे, म्हणून माझा सल्ला मागे घेतो.

गोदाकाठची | १५ जानेवारी, दुपारी २.३०

बोट घासून पाहिले, भुकटी नाही. काल संक्रांतीची गडबड होती, म्हणून काम आज केले. रापी यांनी म्हटल्याप्रमाणे शिवण अकरा सेंटिमीटर उसवली आणि तळातून पुठ्ठ्याचे पाच तुकडे निघाले. मधला तुकडा कसर लागून चाळणीसारखा झाला होता. पुठ्ठा निघताच रिकामी पर्स हातात अशी लोंबली की मी घाबरले. अर्ध्या तासापूर्वी जी चेपलेली का होईना पण पर्स होती, तिची आता पिशवी झाली होती.

पितळी चौकटीच्या आतल्या कडेला हिरवट मेणचट थर आहे. तांबट लेनमधून आणलेल्या पितळेला आम्ही घरी चिंच लावतो, तीच लावू का?

बांधणीकार | १५ जानेवारी, दुपारी ३.१५

चिंच, लिंबू किंवा पितळेची पावडर यांतले काहीही चामड्याच्या जवळ नेऊ नका. तो हिरवा थर म्हणजे चामड्यातली स्निग्धता आणि पितळेतले तांबे यांच्या संयोगाने तयार झालेला साबणासारखा पदार्थ आहे. लाकडी दात-कोरणीने आणि कोरड्या कापसाने तो निघतो. तेल लावत राहिलात तर तो पुन्हा येईल, खोबरेलाला नाही म्हणण्याचे हे आणखी एक कारण.

रापी | १५ जानेवारी, रात्री ११.००

पिशवी झाली म्हणजे काम बरोबर चालले आहे. ओलाव्यानंतर भरायला जुन्या धुवट सुती साडीच्या गुंडाळ्या करा. आधी चार कोपरे भरा, मग तळ, आणि पोट सर्वात शेवटी. लोक उलटे करतात, पोट आधी फुगवतात, मग कोपरे कायमचे गोल होतात. भरणी हाताला घट्ट लागावी, पण शिवणीवर ताण दिसता कामा नये. नरम चामडे त्या वेळी ताणले तर तसेच वाढून बसते. तळाखाली आणि पुढे-मागे कापडात गुंडाळलेल्या फळ्या लावून सुती नाडीने सैलसर बांधा.

गोदाकाठची | २० जानेवारी, रात्री ८.४०

पाच दिवसांचा वृत्तान्त देते, कारण त्यात एक चूकही आहे आणि ती लपवली तर पुढे वाचणाऱ्याचे नुकसान होईल.

डब्यात पर्स सकाळी नऊ वाजता ठेवली. अकराला फरक नव्हता, एकला किंचित, आणि दुपारी साडेतीनला चामडे खरोखरच गार आणि नरम लागले. मात्र मी वापरलेला स्टँड बुटका होता आणि पुठ्ठा काढल्यामुळे तळ खाली झोळला, त्याची मागची कड टॉवेलला टेकली. तिथे तळहाताच्या निम्म्या आकाराचा काळपट डाग आणि त्याच्या भोवती गडद रेघ उमटली आहे. मी तो घासला नाही आणि दुसरे काही लावलेही नाही.

भरणीला सासूबाईंच्याच दोन जुन्या इंदुरी साड्या कामी आल्या. कोपरे आधी भरण्याचा सल्ला सोन्यासारखा होता. उजव्या कोपऱ्यातली घडी आतून गुंडाळी दाबताच माझ्या डोळ्यांदेखत अर्ध्याहून जास्त विरली. त्यानंतर पर्स खिडकीपासून दूर, पंखा न लावता, चार दिवस देवघराच्या खोलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी तिला एकदा उघडून गुंडाळ्या बदलल्या, कारण आतल्या साड्या दमट लागत होत्या. हे कोणी सांगितले नव्हते, पण न बदलता ठेवले असते तर कुबट वास नक्की बसला असता.

बांधणीकार | २० जानेवारी, रात्री ९.२५

गुंडाळ्या बदलायला सांगणे माझ्याकडून राहून गेले होते. आपण ते स्वतःहून केले हे उत्तम. डागाबाबत स्पष्ट लिहितो: ती पाण्याची रेघ आहे आणि घरगुती उपायाने ती नाहीशी होत नाही. संपूर्ण तळ ओला करून रंग एकसारखा करण्याचा एक मार्ग लोक सांगतात, पण या वयाच्या चामड्यावर तो जुगार ठरेल. डाग तळाला आहे, तिथेच राहू द्या. आता चामडे पूर्ण कोरडे झाल्यावरच मधमाश्यांचे मेण आणि लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ) असलेले मलम अगदी पातळ, एकदाच लावा, आणि तेही आधी डागाच्या शेजारी चाचणी घेऊन. साबण लावू नका. चामडे स्वभावतः आम्लधर्मी असते आणि साबण अल्कधर्मी.

शंकेखोर | २० जानेवारी, रात्री ९.५०

नव्या पुठ्ठ्याचे काय केले? खोक्याचा नालीदार पुठ्ठा वापरला असल्यास आणखी वीस वर्षांनी हाच धागा वर आणावा लागेल.

रापी | २० जानेवारी, रात्री ११.२०

नालीदार नकोच. पुस्तक बांधणीचा २ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घ्या, मेन रोडकडच्या कागदाच्या दुकानांत मिळेल. तळाच्या मापापेक्षा चारही बाजूंनी ३ मिलिमीटर कमी कापा आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपरा आतून चामडे कापतो. नाशिकच्या पावसाळ्याची धास्ती असेल तर पुठ्ठ्याऐवजी फाइलच्या जाड प्लास्टिकचे दीड मिलिमीटरचे पान चालेल, त्याला ना ओल लागते ना कसर. दोन्हींपैकी काहीही घेतले तरी त्याला सुती कापड चढवा आणि सोल्युशनने चिकटवू नका. नुसते आत सरकवा. दुकानात मी चिकटवतो, कारण गिऱ्हाइकाला घट्ट काम हवे असते. घरच्या पर्सला मी कधी चिकटवणार नाही. पुढच्या वेळी ते काढताना चामड्याची आतली साल निघून येते.

गोदाकाठची | २६ जानेवारी, सकाळी ११.१५

सुट्टीच्या सकाळी काम पूर्ण झाले. प्लास्टिकचे पान कापडात शिवून आत सरकवले आणि अस्तर जुन्याच भोकांतून शिवले; अकरा सेंटिमीटरला मला पावणेदोन तास लागले. मलम पातळ लावले. पर्स आता टेबलावर आधाराशिवाय उभी राहते. पुढची बाजू सपाट झाली आहे, कोपऱ्यातल्या घडीची पुसट रेघ उरली आहे आणि तळाचा डाग अर्थातच आहे.

जुना फोटो मात्र आज सापडला. १९७१ सालचा आहे, सासूबाई प्रेसच्या दोन मैत्रिणींबरोबर उभ्या आहेत आणि पर्स डाव्या हाताला आहे. ती डावीकडे सरळ सरळ कललेली आहे! विचारल्यावर त्या म्हणाल्या, “त्यात डबा आडवा मावत नसे, म्हणून एका बाजूला उभा घालत होते. ती नवीन असतानाच वाकडी झाली होती.” मी पंधरा दिवस जिला काटकोनात आणण्यासाठी झटले, ती तीन वर्षांची असल्यापासून काटकोनात नव्हतीच. फोटो आधी शोधा, असे रापी यांनी १२ तारखेलाच सांगितले होते.

रापी | २६ जानेवारी, दुपारी १.०५

ताई, डावीकडे झुकवायची असेल तर तेही करता येईल, पण मी म्हणेन राहू द्या. मुठीकडे लक्ष द्या. फोटोत मूठ दोन्ही बाजूंना रिवेटवर दिसते आहे का? तुम्ही आज पर्स मुठीने उचलू नका. आतला दोरा आणि मुठीतली भरणी अजून १९६८ सालचीच आहे, आणि पुठ्ठा नवा झाला म्हणून ती सुधारलेली नाही. ठेवतानाही खुंटीला टांगू नका. आत साडीची गुंडाळी घालून, सुती पिशवीत, कपाटाच्या मधल्या खणात उभी ठेवा आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा उघडून हवा दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका.

गोदाकाठची | २६ जानेवारी, दुपारी १.४०

रिवेट नाही, मूठ पितळी कड्यात ओवून शिवलेली आहे, आणि उजव्या कड्यापाशी तीन टाके तुटलेले आता दिसले. हे काम माझ्या हाताबाहेरचे वाटते. सासूबाईंनाही पर्सबरोबर यायचे आहे. टाका कोण घालतो ते त्यांना समोर बसून बघायचे आहे. दुकान किती वाजता उघडते?

रापी | २६ जानेवारी, दुपारी २.००

साडेदहाला, पण अकरानंतर या, तोवर चपलांची गर्दी असते. पत्ता निरोपातून पाठवतो. सासूबाईंसाठी खुर्ची ठेवतो.